संगणक चालू होईपर्यंत

आदरणीय दादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरोखरच दोन्ही. पेन खाली ठेवले, हात जोडले आणि मग पेन पुन्हा उचलले. नुसत्या शाईत नमस्कार करणाऱ्यांविषयी मी एकदा पाऊण तास बोललो आहे, तेव्हा आता स्वतः तसे करणे शोभले नसते.) तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात लिहायचे राहिले, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात असे मी कुठेतरी वाचले आहे. वहिनींची मान आता डावीकडे वळते का? घड्याळांचे दुकान बंद केल्यापासून टिकटिकीशिवाय तुम्हाला झोप लागत नाही असे तुमची बहीण मागे सांगत होती. तसे असेल तर एखादे घड्याळ उशाशी ठेवा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. इकडे आम्ही दोघे धडधाकट आहोत. म्हणजे मी आहे. तुमची बहीण सध्या बोलत नाही, त्यामुळे तिचे नक्की सांगता येत नाही. भांडण झालेले नाही. भांडण झाले असते तर मी ते जिंकले असते आणि हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पत्राचा विषय हाच आहे, पण त्याच्याकडे मला संगणकावरून यावे लागणार आहे, कारण रस्ता तसाच जातो.

चौदा वर्षांपूर्वी तुम्ही स्वतःच्या हाताने जोडून दिलेला तो संगणक. मी तेव्हा छापखान्यातून निवृत्त झालो होतो. तीस वर्षे दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधल्यावर आता स्वतःची मते जगापुढे मांडायची असे ठरवले होते, आणि तुम्ही म्हणाला होतात की भाषणे याच्यावर लिहा, कागद वाचेल. कागद वाचला नाही, पण भाषणे वाढली. पहिली काही वर्षे तो बटण दाबल्यावर मिनिटभरात उठून बसायचा. मग दोन मिनिटे लागू लागली, मग चार, मग सात, आणि गेल्या वर्षी हा आकडा अकरावर येऊन थांबला. (तुम्ही घड्याळजी आहात म्हणून सांगतो, अकरा म्हणजे अकरा. साडेदहा नाही, पावणेबाराही नाही. तुम्ही निवृत्तीच्या वेळी दिलेले मनगटी घड्याळ लावून मोजले आहेत.) सकाळी पावणेसातला मी बटण दाबायचो. आधी एक सुस्कारा यायचा. मग फार लांबच्या खोलीत कोणीतरी कपाटे सरकवत असल्यासारखा आवाज, मग काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ, लुकलुकणारी, जणू तिला काही सांगायचे आहे पण शब्द सुचत नाही. मग ते गोल फिरणारे कडे. आणि शेवटी तो हिरव्या टेकडीचा देखावा, वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचा, उन्हात वाळत घातलेली चादर कोणी दुरून हळूहळू उलगडत असावे तसा.

या अकरा मिनिटांत माणसाला काही करता येत नाही. पुस्तक उघडावे तर वाटते आत्ता सुरू होईल. उठून जावे तर वाटते आपली पाठ वळली की तो पुन्हा झोपेल. मी त्या कड्याकडे बघत गप्प बसून राहायचो. तुमची बहीण दोन कप चहा घेऊन यायची, दुसऱ्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची, आणि खिडकीकडे बघत काहीबाही सांगायची. तिला पडलेली स्वप्ने सांगायची. तिला लहानपणापासून फार स्वप्ने पडत असणार, तुम्ही एकाच खोलीत वाढलात, तुम्हाला माहीत असेलच. मी तिकडे लक्ष देत नव्हतो. म्हणजे मला तसे वाटत होते. पण आता आठवू पाहतो तर सगळे शब्दाला शब्द आठवते आहे. माझी स्वतःची भाषणे मला अशी कधी पाठ झाली नाहीत.

गेल्या महिन्यात एकच स्वप्न हप्त्याहप्त्याने चालू होते. एक लांबच लांब कापडाचे दुकान आहे, पण त्यात कापड नाही, सगळी ठाणे पाण्याची आहेत. पहाटेचे पाणी, विहिरीतले पाणी, कोणीतरी ओंजळीत धरून विसरलेले पाणी. दुकानदार ठाण झटकन उलगडतो, मीटरपट्टीने मोजतो आणि कात्रीने सरळ कापतो, एक थेंब सांडत नाही. ही म्हणते, मला खिडकीच्या पडद्यासाठी तीन मीटर द्या, संध्याकाळचे. तो म्हणतो, आटेल हं धुतल्यावर, साडेतीन घ्या. (हे ऐकून मी पडद्यावरून नजर न काढता हसलो होतो. दुकानदार सगळीकडे सारखेच.) मग ती ते पाणी घडी करून बगलेत मारते आणि मागच्या दाराने बाहेर पडते, तर तिथल्या रस्त्यावर घरे चालत असतात. सावकाश, एकामागे एक, दिवसभराच्या कामावरून परतल्यासारखी. आणि तिला त्यातून आपले घर ओळखायचे असते.

आता अपमानाकडे येतो. आमच्या ग्रंथालयाच्या सभागृहात माझे व्याख्यान होते, विषय ‘वेळ पाळणे ही नीती आहे’. मी बावीस मिनिटे उशिरा पोचलो. संगणक त्या दिवशी अकरा मिनिटांनी उघडला खरा, पण भाषण छापायला सांगितल्यावर त्याने पुन्हा डोळे मिटले. मी धापा टाकत आत शिरलो तेव्हा ग्रंथपाल ध्वनिक्षेपकापाशी उभे राहून म्हणाले, “वक्ते आले आहेत. म्हणजे संगणक चालू झालेला दिसतो.” सभागृह हसले. दादा, माझ्या विचारांना लोकांनी विरोध केला आहे, मला मध्येच खाली बसवले आहे, एकदा दिवे बंद केले आहेत. पण माझ्या भाषणाआधी कोणी हसले नव्हते. मी व्यासपीठावरूनच जाहीर केले की पंधरा दिवसांत त्या यंत्राला पूर्वीचा वेग आणून दाखवीन, नाहीतर या व्यासपीठावर पुन्हा पाय ठेवणार नाही. टाळ्या पडल्या. (कुठल्या अर्ध्याला पडल्या ते कळले नाही.)

नवा घ्यायचा नाही हे ठरलेलेच होते. जी वस्तू आपल्याबरोबर म्हातारी झाली तिला रस्त्यावर टाकणारा समाज उद्या माणसांनाही टाकतो, या विषयावर माझी सहा भाषणे आहेत आणि त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. मग मी ग्रंथालयातूनच संगणकावरची पाच पुस्तके आणली (ग्रंथपालांनी ती शिक्का मारून देताना चेहरा गंभीर ठेवला, याची मी नोंद घेतली आहे) आणि चार दिवसांत वाचून काढली. चौथ्या पुस्तकात सगळा उलगडा झाला. यंत्र जागे होते तेव्हा काही प्रोग्राम न बोलावता त्याच्याबरोबर जागे होतात, आणि ते सगळे स्थिरस्थावर होईपर्यंत यंत्राला मान वर करता येत नाही. हे मला ताबडतोब समजले. व्यासपीठावर तेवीस मान्यवर बसवायचे, प्रत्येकाला दोन शब्द बोलू द्यायचे, आणि मग मुख्य वक्त्याने उभे राहायचे तेव्हा श्रोते घरी गेलेले.

आमच्याकडचे मान्यवरही नेमके तेवीस निघाले. आणि काय एकेक. जगातल्या चाळीस शहरांचे हवामान सांगणारा एक. बुद्धिबळाचा पट मांडून बसणारा एक. पियानो सुरात आहे का ते तपासणारा एक (घरात पियानो नाही). भरती-ओहोटीचा तक्ता देणारा एक, आणि समुद्र आमच्यापासून आगगाडीने दीड दिवसाच्या अंतरावर. मी तुमच्या बहिणीला विचारले की यांना घरात कोणी घेतले. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, “येत असतील आपोआप. दार उघडं दिसलं की येतात लोक.” मला ते पटले. रविवारी तुमचा फोन आला की ती संगणकाच्या टेबलापाशीच बसून बोलते (तिथे वारा बरा येतो म्हणते), म्हणजे दिवसाढवळ्या तिच्या नाकासमोरून ते शिरले असणार आणि बिचारीला पत्ता नाही. मी एकेकाला नाव घेऊन काढले. तेविसावा काढल्यावर कळले की तो आवाजाचा होता. यंत्र मुके झाले. तुमची बहीण म्हणाली, “चला, दोघांपैकी एक तरी गप्प झालं.”

वेळ अकरावरून आठवर आली. मग पाचव्या पुस्तकाने सांगितले की अनावश्यक मजकूर काढून टाका. माझी तीनशे बारा भाषणे त्यात होती. न वाचता एखाद्याला अनावश्यक ठरवणे हा अन्याय आहे, म्हणून मी प्रत्येक भाषण उघडून, उभे राहून, मोठ्याने वाचायला घेतले. तीन दिवसांत एकेचाळीस भाषणे झाली. शेवटी त्यातले एक काढले, झाडांवरचे, आणि संध्याकाळी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघवेना म्हणून संगणकाच्या कचऱ्याच्या टोपलीतून पुन्हा बाहेर घेतले. आठची आठच राहिली.

पंधरा दिवसांतले दहा गेले होते. अकराव्या सकाळी, म्हणजे जुन्या यंत्रासमोरच्या शेवटच्या सकाळी, तुमच्या बहिणीला स्वप्नातले आमचे घर सापडले. सगळ्या घरांच्या मागे, जरा लंगडत येत होते. दाराची कडी तिने ओळखली. पाणी बगलेत सांभाळत ती त्याच्याबरोबर थोडी चालली, मग घर थांबले, तिने दार वाजवले, आणि आतून कोणीतरी विचारले, “कोण आहे?”

नेमक्या त्याच क्षणी टेकडीचा देखावा पुरता खाली उतरला आणि मी वळून टाइप करायला लागलो.

दादा, हे वाक्य मी तसेच ठेवतो आहे. माझ्या बाजूने त्यात काही सांगण्यासारखे नाही.

त्याच दुपारी मी यंत्र उचलून जिन्याखालच्या दुकानातल्या दुरुस्तीवालीकडे नेले. दुकान एवढेसे, तीन बाजूंना उघडी पडलेली यंत्रे, आणि ती मध्ये बसून चष्मा कपाळावर चढवून काम करते. तिने विचारले, किती वर्षांचा. म्हटले चौदा. आणि तुम्ही? म्हटले एकाहत्तर. ती म्हणाली, “मग तुमच्या मानाने बराच थकलाय.” तिने बाजूचा पत्रा काढला तेव्हा आतून धुळीचा एक गोळा निघाला, झोपलेल्या मांजराच्या पिल्लाएवढा, आणि आम्ही दोघे क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिलो. (तुमच्या बहिणीने यंत्रासाठी विणलेले ते झालरीचे झाकण आठवते? हवा आत जायच्या जाळीवर ते बरोबर बसत होते. चौदा वर्षे तो प्राणी उशी तोंडावर घेऊन काम करत होता.) मग तिने एक जड, चपटी डबी दाखवली. म्हणाली की यात तबकडी फिरते, तुमचं सगळं तिच्यावर लिहिलेलं, आता ती फिरून फिरून दमली. नवी बसवते, नवीत फिरणारं काहीच नसतं. ज्याने चौदा वर्षे माझे शब्द सांभाळले त्याला दमला म्हणून बाहेर काढायचे, यावर मी बोलायला सुरुवात केली. मी मुद्द्याच्या ऐन भरात असताना तिने चौथा स्क्रू काढून डबी माझ्या हातात ठेवली. “तुमचे शब्द नवीत घालते ना काका. ही घरी न्या, कागदांवर वजन म्हणून ठेवा.” आवाजही तिने परत आणून दिला.

आता ऐका. अठरा सेकंद.

दुसऱ्या सकाळी मी बटण दाबले. सुस्कारा नाही, कपाटे सरकली नाहीत, ती लुकलुकणारी रेघ दिसली न दिसली, आणि टेकडी एकदम पुढ्यात येऊन उभी राहिली, झोपेतून उठवायला आलेल्या पाहुण्यासारखी. तुमची बहीण दोन कप घेऊन आली तेव्हा मी दुसऱ्या पानावर होतो. ती दारातच थांबली. म्हणाली, “झाला का चालू?” माझा कप टेबलावर ठेवला आणि स्वतःचा घेऊन आत गेली. दुसरी खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे. तिच्यावर आता छापलेले कागद साठत चालले आहेत.

तिसऱ्या दिवशी मी हातातले काम थांबवून विचारले, काल काही पडले का. ती म्हणाली, काय पडलं? म्हटले, स्वप्न. “पडलं असेल. लक्षात नाही.” चौथ्या दिवशी मी जरा सविस्तर, प्रस्तावना करून विचारले. ती म्हणाली, “अहो, तुम्ही सभेला प्रश्न विचारल्यासारखं विचारता. पाचशे माणसांचं उत्तर मी एकटीने कसं द्यायचं?” पाचव्या दिवशी मी यंत्र लावलेच नाही, नुसता बंद पडद्यासमोर बसलो. ती म्हणाली, लावा ना, अठरा सेकंदांचं तर काम. सहाव्या दिवशी पडद्यावर टॉवेल टाकून ‘अजून उघडतोय’ असे म्हणालो. टॉवेलखालून उजेड येत होता. तिने बघितले, टॉवेल घेऊन गेली, म्हणाली, ओला आहे.

ग्रंथालयाचे व्याख्यान परवा झाले. मी अर्धा तास आधी पोचलो. सभागृहात फक्त खुर्च्या पुसणारा माणूस होता. ग्रंथपालांनी सर्वांदेखत माझे अभिनंदन केले. मी उभा राहिलो, विषय तोच, वेळ पाळणे ही नीती आहे. पंचवीस मिनिटे ठीक गेली. मग दुपारच्या उन्हाचा एक पट्टा मागच्या दारातून आत आला आणि समोरच्या रांगा मला सावकाश चालत असल्यासारख्या दिसू लागल्या, एकामागे एक, घरी परतणाऱ्या. मी वाक्याच्या मध्ये थांबलो. किती वेळ थांबलो सांगता येत नाही. माझ्याकडे इतका वेळ गप्प बसायचा अनुभव फक्त त्या संगणकासमोरचाच आहे. मी एवढेच म्हणालो, “लवकर पोचून तरी काय मिळतं, हे मला अजून कळलेलं नाही,” आणि खाली बसलो. आयुष्यातल्या सगळ्यांत जास्त टाळ्या त्या दिवशी पडल्या. लोकांना ती वक्तृत्वातली युक्ती वाटली.

तर दादा, इकडचे असे आहे. यंत्र वेगात आहे, माझा शब्द राखला गेला आहे, आणि घरात सकाळी पावणेसात ते चार मिनिटे कमी सात एवढा वेळ शिल्लक पडून आहे, त्याचे काय करायचे ते कोणालाच माहीत नाही. तुम्ही जोडलेली वस्तू होती म्हणून तुम्हाला सविस्तर कळवले, बाकी काही नाही. गुडघ्याला जपा. वहिनींना सांगा, मान वळत नसेल त्या बाजूला न बघितल्याने फारसे बिघडत नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. बाकी काही नाही असे वर लिहिले आहे, ते खोडायचे राहिले. जुनी डबी मी कागदांवर ठेवलेली नाही, हातरुमालात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. तुम्ही चार दिवस राहायला या. बहिणीला भेटायला आलो असे सांगा. ती भाजी आणायला गेली की ती डबी पुन्हा आत बसवून द्या, आणि ते तेवीस मान्यवर, निदान पियानोवाला आणि समुद्रवाला, मिळतील तिथून बोलावून आणा. घड्याळ मागे-पुढे करणे हा तुमचा आयुष्यभराचा हातखंडा, अकरा मिनिटे तुम्हाला जड नाहीत. तिने विचारले तर जुने यंत्र आहे, पुन्हा दमले म्हणून सांगू. मी इतकी वर्षे तिच्याशी एका घरात राहिलो, आणि तिच्या स्वप्नातही एक घर आहे हे मला गेल्या महिन्यात कळले. आतून ‘कोण आहे’ असे विचारणारा कोण होता, तेवढे मला समजून घ्यायचे आहे. तो आवाज माझा असेल असे वाटते. पण मी विचारून ते काढून घेतले तर ती माझ्या समाधानासाठी हो म्हणेल, आणि मग ते खरे की खोटे कळायला मार्ग उरणार नाही.

ता. क. दुसरा. अकरा जमत नसतील तर सात चालतील. सातच्या खाली येऊ नका.

ता. क. तिसरा. फोन करू नका, फोन तीच उचलते. हे पत्र हाताने लिहिले आहे, कारण संगणकावर लिहिले असते तर तिने वाचले असते. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवून तिच्याच हाती टपालपेटीत टाकायला देतो आहे. ती दुसऱ्याची पत्रे कधी उघडत नाही.

दादा, मी दुसऱ्याची पत्रं उघडत नाही, पण पाकिटावर तुझं नाव होतं आणि डिंक मीच सकाळी पातळ केला होता. पुन्हा चिकटवते आहे. तू मला तीन वर्षांत एकेका रविवारी एकेक करून जे बावीस प्रोग्राम बसवायला शिकवलेस ना, ते सगळे यांनी चार दिवसांत काढले. पाठ करून ठेवले होते तरी आता क्रम आठवत नाही, तर येताना कागदावर लिहून आण. डबी कपाटात डाव्या बाजूला, माझ्या शालीखाली आहे. त्यांना वाटतं मला दिसली नाही. बाकी तुला ठाऊकच आहे, मी लहानपणापासून दगडासारखी झोपते, मला कधी एक स्वप्न पडलेलं नाही. रोज भांडी आवरता आवरता उद्याचं रचून ठेवायचे, हे गप्प बसतील तेवढ्या वेळाला पुरेल इतकं. आत कोण आहे ते अजून मीही ठरवलेलं नाही. बहुतेक हेच असतील. पण त्यांना सांगू नकोस, आणि आलास की अकराच कर. सातात दार उघडून होणार नाही.